तिजोरीच्या बिजागऱ्या

खट्.

दाराच्या कुलपाचा तेवढाच एक आवाज झाला आणि ती ताडकन उठली. सकाळी पोलीस नवऱ्याला घेऊन गेले तेव्हापासून घरात कुणी बोललंच नव्हतं. थोरल्या मुलीचं तोंड एरवी मिटत नाही, पण तीही पलंगाखाली बसून बाहुलीच्या कानात कुजबुजत होती. तान्हं रडून रडून दमलं होतं आणि आता तिच्या खांद्यावर नुसते हुंदके देत होतं.

दार उघडलं. नवरा आत आला.

"सोडलं?" उत्तराची वाट न बघता तिने बाळ त्याच्या अंगावर दिलं. "मग तेव्हा तोंड का शिवलं होतंस? मी घसा फोडून सांगत होते, घड्याळवाल्याच्या दुकानात शिरणारा हा नव्हे, याला जुळा भाऊ आहे. तो हवालदार दात काढून म्हणतो, बाई, सिनेमे कमी बघा. आणि तू काय करत होतास? खाली मान घालून चपला शोधत होतास!"

तो बाळाला थोपटत स्वयंपाकघरात गेला. एक कपाट उघडलं, लावलं. दुसरं उघडलं. मग ओट्याखाली वाकला.

"पाणी हवंय का? ग्लास जिथे असतात तिथेच आहेत, लग्न झाल्यापासून."

पलंगाखालून आवाज आला, "आई, हे बाबा नाहीत."

"गप गं."

"बाबांच्या हाताला तेलाचा वास येतो. यांच्या नाही येत."

तिने पुढे होऊन त्या माणसाचा हात धरला आणि सरळ नाकाशी नेला. साबणाचा वास. फक्त साबणाचा.  त्या तेलाच्या वासात तिचा संसार मुरला होता. उशीला तो वास, टॉवेलला तो वास, बाळाच्या टोपड्यालाही तोच. नवऱ्याचं कुलपांचं दुकान, वडिलांपासून चालत आलेलं. उघडलेलं कुलूप तेल दिल्याशिवाय लावायचं नाही आणि दार कुरकुरत असेल तर गिऱ्हाइकाने सांगायची वाट बघायची नाही, हा सासऱ्यांचा धडा. नवऱ्याने तो असा काही गिरवला होता की पाहुणे म्हणून गेलेल्या घरीसुद्धा तो खिशातून तेलाची छोटी बाटली काढायचा आणि यजमानांच्या बिजागऱ्यांवर थेंब सोडायचा. ती शरमेने अर्धी व्हायची.

"भावोजी," ती म्हणाली.

"वहिनी." तो ओशाळून हसला. गालावर तशीच खळी. त्या खळीवर लाटणं हाणावं असं तिला वाटलं.

हा तिने फक्त जुन्या फोटोत पाहिलेला दीर. एकाच बापाकडून दोघांनी एकच विद्या घेतली, पण याने एक दिवस गिऱ्हाइकाचं कपाट गिऱ्हाईक घरी नसताना उघडलं. बाप स्वतः जाऊन वस्तू परत देऊन आला, माफी मागून आला, आणि पुढे फार जगला नाही. थोरल्याने धाकट्याला सांगितलं, हे दार तुला बंद. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आरशात दिसायचं तेवढंच.

"या घरातला माणूस पोलिसांनी नेलाय म्हटल्यावर आता इकडे कोण फिरकणार?" तो हळू आवाजात समजावू लागला. "म्हणून म्हटलं, दोन दिवस..."

"आणि बेल?"

"बेलने बाळ उठलं असतं, वहिनी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बाळ! जे पोर सख्ख्या आजीच्या कडेवर जात नाही, ते या माणसाच्या शर्टावर लाळ गाळत गाढ झोपलं होतं. फितूर.

"माझा नवरा तिथे माणूस मारल्याच्या संशयावरून बसलाय," ती दात आवळून म्हणाली, "आणि तुम्हाला इथे झोपमोडीची काळजी!"

"कोण मेलं?"

"घड्याळवाला. सकाळी तिजोरीपाशीच पडलेला सापडला."

त्याचा चेहरा उतरला. नाटक करायला त्याला वेळच मिळाला नाही, एवढं तिला दिसलं.

"मी चोर आहे, वहिनी. पण मी गेलो तेव्हा दुकानात चिटपाखरू नव्हतं. आईशप्पथ."

"मला नका सांगू. तिथे चला आणि तिथे सांगा."

तिने लंगोटांची पिशवी त्याच्या मोकळ्या खांद्यावर अडकवली, मुलीला पलंगाखालून ओढून काढलं आणि दार लावलं. लावून तरी काय उपयोग, असंही तिच्या मनात आलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली, "सुटलात का? वा! मी म्हणतच होतो, असा देवमाणूस!"

"तुमच्यासारख्यांच्या शुभेच्छा," दिराने नम्रपणे मान लववली.

"तोंड बंद," ती म्हणाली.

चौकीत त्या सकाळच्याच हवालदाराने मान वर केली. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं, मग बाकावरच्याकडे. मग परत दारातल्याकडे.

"बघा," ती म्हणाली. "सिनेमा."

बाकावरून तिचा नवरा अर्धवट उठला. इतक्या वर्षांनी तो भावाशी बोलला ते एवढंच, "बाळाची मान धर नीट."

"मी धरलीय. तू तुझी सांभाळ."

आतल्या खोलीतून जाडजूड साहेब आले, दोघांना डोळे भरून पाहिलं आणि खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त डोकेदुखी होती. दिराने भडाभडा सगळं सांगून टाकलं: परवा रात्री तिजोरी उघडली, जुनी सोन्याची घड्याळं पिशवीत भरली, गेलो. म्हाताऱ्याला बघितलंसुद्धा नाही.

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंस? चल, ऊठ. घरी चल."

"थांबा," साहेब म्हणाले. "माझं कोडं निराळंच आहे. तिजोरीतलं एकही घड्याळ इकडचं तिकडे झालेलं नाही. कॅमेऱ्यात परवा हा चेहरा भरलेली पिशवी घेऊन बाहेर येताना दिसतो, काल दुकानाला सुट्टी, आणि काल रात्री हाच चेहरा भरलेली पिशवी घेऊन आत जाताना दिसतो. चोरून परत आणून देणारा चोर माझ्या नोकरीत पहिलाच."

"परत?" दीर किंचाळलाच. "पिशवी मी याच्या दुकानाच्या माळ्यावर लपवली होती! आज बघतो तर गायब. तीच तर शोधायला घरी गेलो होतो मी."

म्हणजे पाणी नको होतं. लपायला जागाही नको होती. ती या विचाराने उकळत असतानाच सगळ्या माना तिच्या नवऱ्याकडे वळल्या.

"माळ्यावर पिशवी दिसली," तो म्हणाला. "कुणाचं काम ते कळलं. नेऊन जागेवर ठेवली."

"आणि आम्हाला का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"काय सांगू? घरचाच माणूस."

साहेबांनी कपाळ चोळलं. "म्हातारा कसा गेला ते माहितेय? त्या तिजोरीचं दार वर्षानुवर्षं अडकत होतं. रोज सकाळी तो एक पाय भिंतीला लावायचा आणि दोन्ही हातांनी सगळा जोर लावून ओढायचा. अख्ख्या बाजाराला करकर ऐकू जायची. आज त्याने तसाच जोर लावला आणि दार लोण्यासारखं उघडलं. गेला मागच्या मागे, दगडी टेबलाच्या कोपऱ्यावर. बिजागऱ्यांना ताजं तेल दिलेलं आहे. कुणी दिलं?"

पंखा फिरत राहिला. तिला नवऱ्याकडे बघायचं नव्हतं. तिने बघितलं.

"तू," दीर सावकाश म्हणाला, "चोरीचा माल परत ठेवायला, चोरासारखा गेलास. आणि तिथे उभा राहून बिजागऱ्यांना तेल देत बसलास?"

"कुरकुरत होत्या रे," नवरा म्हणाला.

दिराला हसू फुटलं. ते हसू भयंकर होतं, थांबेना. बाळ दचकून उठलं आणि तिने ते हिसकावून घेतलं, तेवढ्यात नवरा भावाच्या अंगावर धावून गेला.

"बापाचा लाडका!"

"बापाचं नाव तुझ्या तोंडून नको!"

हवालदार मध्ये पडला, त्याची टोपी पडली, बाक पडला. धापा टाकत नवरा म्हणाला, "साहेब, चोरीही माझ्याच नावावर लिहा. याला जाऊ द्या."

"तुझे उपकार नकोत मला! साहेब, तेलही मीच दिलं!"

"अरे, एकाने तरी मी काही केलं नाही असं म्हणा रे!" साहेब टेबलावर हात आपटून ओरडले.

"बस्स!"

ती एवढ्या जोरात ओरडली होती की बाळसुद्धा गप्प झालं.

"काल रात्री," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "काल तू हिला जेवू घातलंस, गोष्ट सांगितलीस. याची दुपटी वाळत घातलीस. मला म्हणालास, दमलीस, झोप. आणि मी झोपले! मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी ती पिशवी आणून या टेबलावर आपटली असती. आज तो म्हातारा दुकानात बसून घड्याळांना किल्ली देत असता."

"तुला त्रास नको म्हणून..."

"अजून एकदा म्हण. म्हणूनच बघ."

 त्याची बोटं शर्टाच्या टोकाला पुसली जात होती, पुन्हा पुन्हा.

"दोघंही आज इथेच राहतील," साहेब बऱ्यापैकी मऊ आवाजात म्हणाले. "उद्या कोर्टात. चोरी ती चोरी. दुसऱ्याने जे केलं त्याला काय म्हणायचं, ते मलाही तिथेच विचारावं लागेल."

"घरी कधी येईल?"

साहेबांनी कागद सरळ केले. ते पुरेसं होतं.

दिराने लंगोटांची पिशवी पुढे केली. "वहिनी, मला खरंच..."

तिने पिशवी ओढून घेतली आणि बाहेर पडली. ऊन डोक्यावर होतं. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्यावर पिशवी, हातात मुलीचा हात. ती चालत नव्हती, रस्ता तुडवत होती. मेल्या चोराने दुसऱ्या कुणाचा माळा शोधायचा होता. पण चोराने माणूस मारला नव्हता. मारला तो त्याने, जो मुंगीलाही ओलांडून जातो. आणि त्या म्हाताऱ्याला तरी काय झालं होतं, इतकी वर्षं अडकलेलं दार ओढत बसायला? एकदा कुलूपवाल्याला बोलावलं असतंस तर! लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या माणसावर डाफरत होती ती, भर रस्त्यात, मनातल्या मनात.

शिंप्याने मशीनवरून मान वर केली आणि तिचं तोंड बघून खाली घातली.

"आई, हळू. हात दुखतोय."

ती थांबली. मुलीच्या मनगटावर तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तिने तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून त्या मनगटावर फुंकर घातली, एकदा, मग परत एकदा. मुलीने दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, बाबा सारायचे तसे, आणि तिच्या डोळ्यांत नीट बघत विचारलं,

"आई, तू नक्की कुणावर रागावलीयस?"