सुभेदारांचं 'व्हय'

कारगिलच्या बातम्या ऐकून ऐकून केरबा सुभेदारांचे कान किटले होते. पेन्शनीत निघालेला हा माणूस एरवी बातम्यांशिवाय जेवत नसे. पण आता थोरला मुलगा जयराज तिकडेच होता आणि त्याचं पत्र नव्हतं. त्यात साताऱ्याहून दीक्षा नावाची मुलगी पारावर आली. एका वर्तमानपत्रासाठी ती लोकांचं मत गोळा करत होती: सीमेपलीकडे फौज घालून मोठं युद्ध करावं का?

मेढ्याकडच्या त्या गावाची रीत अशी, की पारावर आधी सुभेदार बोलणार, मग गाव. घरटी शिपाई देणारं गाव ते. सगळ्यांच्या माना केरबांकडे वळल्या. जयराजच्या काळजीनं 'नगं' म्हणावं असं त्यांच्या मनात होतं. पण मिशा काय शोभेला ठेवल्या होत्या?

"व्हय, व्हायलाच पायजे! एकदाचा निकाल लावा," ते गरजले.

मग काय, "सुभेदार म्हनत्यात तेच आमचं," म्हणत सगळे मोकळे झाले. पारावरच्या नानासोनंही होकारार्थी मान डोलावली.

घरी बायकोनं, चंद्राबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "काय सांगितलं वो त्या पोरीला?"

त्यांनी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून ती चुलीपुढं जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. केरबांना स्वतःची लाज वाटली. पाणी न पिताच ते उठले आणि दुखरा गुडघा ओढत दीक्षाला गाठायला एसटीच्या थांब्यावर आले.

"पोरी, माजं 'व्हय' खोड. युद्ध नगं म्हनून लिव्ह."

"खोडते, आजोबा," दीक्षा म्हणाली. तिनं खोडलंही. "पण बाकी सगळ्या गावाचं 'हो'च आहे."

नानासो तिथंच बाकावर बसला होता. त्याचा एकुलता एक मुलगाही आघाडीवर होता.

"नानासो, तुला रं काय वाटतं? खरं सांग."

"मला नगंच म्हनायचं व्हतं. पन जयराजचा बाप व्हय म्हनतोय म्हटल्यावर मी कुटल्या तोंडानं न्हाई म्हनू?"

"मग आता सांग की हिला."

"असं चोरून न्हाई, सुभेदार. पारावर चला, चारचौघांत तुमी नगं म्हना. मीबी म्हनतो."

केरबांनी पाराकडं पाहिलं. मंडळी अजून तिथंच होती. कुणीतरी त्यांना हात करून बोलावलंही. पण त्यांचा पाय उचलला नाही.

एसटी आली, दीक्षा चढली आणि गावाचं मत साताऱ्याला गेलं.