‘किंवा’ नको

न्यायाधीशांनी निकाल वाचला आणि धाकटीचं डोकं सणकलं. लॉन्ड्रीत चादरी दाबायच्या रुळांत तिच्या वहिनीचा उजवा हात चिरडला होता. यंत्र बंद करायचं बटण खोलीच्या पार त्या टोकाला, मुकादमाच्या टेबलाशी. मुकादम तेव्हा जागेवर नव्हता. पण कायद्यात लिहिलं होतं, बटण ‘मुकादमाच्या हाताशी’ असावं. ते होतं. मालक निर्दोष.

“न्याय मागायला आलो आणि कलम घेऊन चाललो,” वहिनी पुटपुटली.

“आहे तो कायदा लावणं माझं काम,” न्यायाधीश म्हणाले. “बदलणं तुमचं.”

त्यांनी समजूत घालायला म्हटलं असेल. धाकटीने ते शब्दशः घेतलं. पुरेशा सह्या जमवल्या तर विधिमंडळाच्या समितीला दुरुस्ती ऐकावीच लागते, हे तिने शोधून काढलं आणि लॉन्ड्र्यांचे उंबरे झिजवले. मागणी एवढीच: ‘मुकादमाच्या’ खोडून ‘यंत्र चालवणाऱ्याच्या’ लिहा.

समितीचे अध्यक्ष गोड बोलले. “आजच मंजूर करतो. फक्त ‘मुकादमाच्या किंवा यंत्र चालवणाऱ्याच्या’ असं करू.”

“किंवा?” धाकटी ताडकन उठली. “म्हणजे दोन्हींतलं कुठलं, ते मालक ठरवणार! बटण हलणारच नाही, साहेब.”

“कळतं हो मला. पण ‘किंवा’शिवाय मतं जमत नाहीत. घ्या, नाहीतर पुढच्या अधिवेशनात या.”

“येते. आणखी सह्या घेऊन येते.”

जिन्यातच वहिनी कडाडली. “मला विचारलंस? हात माझा गेला, आणि हातातोंडाशी आलेलं तू उधळलंस!”

“वहिनी, तुझा हात अडकला तेव्हा हा ‘किंवा’वाला कायदा असता, तर बटण कुठं असतं?”



“तिथंच,” वहिनी म्हणाली. “त्या मेल्याच्या टेबलाशी.”

“आणि वर लोक म्हणाले असते, आता कशाला ओरडता, बदलला ना कायदा?”

वहिनीने धाकटीच्या काखेतले कोरे कागद डाव्या हाताने हिसकावले. “आण इकडे. तुझं ते गुळमुळीत बोलणं! लोकांना वाटतं वर्गणी मागतेयस.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली तेव्हा ती लॉन्ड्रीच्या फाटकात उभी होती. पहिला सापडला मुकादम. त्याने मालकाच्या खिडकीकडे नजर टाकली.

“तिकडे काय बघता?” वहिनीने कागद त्याच्या छातीवर धरला. “माझ्याच्यानं सही होत नाही आता. तुम्ही करा.”