आत्या पारंपरिक शेती शिकते

शेतीशाळेचे सर आत्याला तिचीच पद्धत शिकवायला आले, त्याची ही गोष्ट.

शेत कागदावर बाबांचं, कसणारी आत्या. बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं की यंदा मका चांगला आला तर ठीक, नाहीतर जमीन वीटभट्टीवाल्याला. हा भट्टीवाला आमच्याकडे इतक्यांदा येऊन गेला होता की कुत्र्यानं त्याच्यावर भुंकणं सोडलं होतं. म्हणून आत्यानं शेत शेतीशाळेच्या प्रात्यक्षिकाला दिलं. सरांनी त्याचे दोन तुकडे केले आणि पाट्या ठोकल्या. डावीकडे ‘सुधारित पद्धत’, उजवीकडे ‘पारंपरिक पद्धत’.

डावीकडे सरांनी सांगितलं ते सगळं आत्यानं केलं. घोडं अडलं उजवीकडे. ती रोज सकाळी रोपारोपाच्या पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांत, डोकावून अळ्या वेचायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. सरांनी छापील तक्ता उघडला. तक्त्यातला पारंपरिक शेतकरी अळ्या वेचत नव्हता. तो बी फेकायचा, एकदा खुरपायचा आणि उरलेला हंगाम, तक्त्यावरून तरी, बसून असायचा.

सर माणूस वाईट नव्हते. तुम्ही वेचत राहिलात तर पाहणीच्या दिवशी लोकांना फरक कसा दिसणार, असं त्यांनी हात जोडून विचारलं. आत्यानं शब्द दिला. आणि तिनं शब्द दिला की विषय संपला.

मग ती बांधावर पारंपरिक बसायला शिकली. सुरुवातीला जमेना. सारखी उठायची, मी हात धरून खाली बसवायचो. समोर मक्याची चाळणी होत होती. शेवटी ती शेतीशाळेत गेली आणि आता तरी वेचू का, म्हणून विचारलं.

"नऊच दिवस राहिले, मावशी," सर म्हणाले. "मग शेत तुमचं तुम्हाला मोकळं."

अळ्यांना वाचता येत नव्हतं. उजवीकडचं खाऊन संपल्यावर त्या पाटी ओलांडून डावीकडे शिरल्या. फवारायचं औषध सरांच्या कपाटात होतं, किल्ली सरांच्या खिशात आणि सर तीन दिवस कीडनियंत्रणाच्या प्रशिक्षणाला. डावीकडे वेचायला बंदी नव्हती. आम्ही दोघं बादल्या घेऊन दिवसभर वेचायचो. सकाळी पाहावं तर कालच्या दुप्पट.

पाहणीच्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांनी दोन अगदी सारखे तुकडे पाहिले. यातलं सुधारित कुठलं, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं पाटी दोनदा वाचली, सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

बाबा भट्टीवाल्याला सोबत घेऊनच आले होते. आत्याकडे त्यांनी पाहिलं नाही. भट्टीवाल्यानं मक्याकडे पाहिलं नाही. त्यानं दोन्ही तुकड्यांच्या मधोमध गुडघाभर खड्डा घेतला, माती भिजवून तिचा गोळा वळला आणि बोटांनी दाबून पाहिला.

"एक खडा लागत नाही हो," तो बाबांना म्हणाला. "अशी माती मिळत नाही कुठे."

"नाहीच लागणार," आत्या म्हणाली. "बावीस वर्षं खडे काढतेय मी."