सव्वाअकराची निळी रेघ

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी बत्तीस वर्षं भट्टीवर काम केलं. निवृत्त झालो, तरी नव्या माणसांना भट्टीचा आवाज ओळखायला शिकवायला मला आठवड्यातून तीन दिवस बोलावतात. गेल्या मार्चात पॅनेलच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा बसला. तो बसवणारी इंजिनीअर सुनयना. आमच्याच वस्तीतल्या सुगतची मुलगी.

पूर्वी प्रत्येक गोष्टीचा कागद वेगळा निघायचा. पाण्याचा वेगळा, उष्णतेचा वेगळा, पंपाचा वेगळा, घंटेचा वेगळा. ते कागद वेगवेगळ्या फायलींत जायचे. सुनयनानं सगळ्या रेघा एका चौकटीत आणल्या. पाणी निळं, धातूची उष्णता तांबडी, पंपाची वीज पिवळी. धोक्याची घंटा कुणी हातानं बंद केली, तर खाली काळी खूण.

"लिटर आन् अंश एका चौकटीत कसं बसतील गं?" मी विचारलं.

"लिटर डावीकडं मोजायचं आप्पा, अंश उजवीकडं. कुठली रेघ वर हाय, कुठली खाली, त्याला अर्थ न्हाय. येळ बघायची. कुठली आधी हलली आन् कुठली मागनं."

चार दिवसांत सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. रोज सकाळी सव्वाअकराला निळी रेघ जराशी खाली वाकायची. दोन मिनिटं. मग परत सरळ. बाकीच्या रेघा जागच्या हलायच्या नाहीत.

"जोतिबा आला बघा हात धुवाय," पॅनेलवरचे मारुतीराव म्हणाले. सगळे हसले.

मी पडद्याकडं पाठ केली.

जोतिबा माझा जोडीदार. भट्टीभोवती तांब्याची पोकळ नळी असते, तिच्यातून सतत पाणी फिरतं. पाणी थांबलं तर नळी जळते, आणि पाणी वितळलेल्या लोखंडात गेलं तर स्फोट होतो. परतीच्या पाईपवर एक छोटा कॉक, म्हणजे तोटी, होती. जोतिबा रोज सव्वाअकराला ती उघडून कोमट पाण्यानं हात-तोंड धुवायचा, मग भाकरी खायचा. तेवढ्यानंही पाणी कमी दिसून घंटा वाजायची. पॅनेलवर मी असायचो. मान न वळवता बटण दाबून घंटा गप्प करायचो. सात वर्षं हे असंच चाललं. घंटा वाजली की जोतिबाला भूक लागली, एवढाच त्याचा अर्थ उरला होता.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी सव्वाअकराला घंटा वाजली. मी बटण दाबलं. थोड्या वेळानं भट्टी उडाली. जोतिबा कॉकपाशी नव्हता, भट्टीच्या कडेला होता.

चौकशीत पाण्याचा कागद काढला. त्यावर रोज सव्वाअकराला खाच होती. जोतिबानं कॉक उघडा टाकला, असं लिहिलं गेलं. मला वाचून दाखवलं आणि मी अंगठा दिला. घंटेबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कागद खराच असेल, जोतिबा कॉक विसरलाच असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. सहा महिन्यांनी मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकायला गेलो. कशासाठी, ते घरी सांगितलं नाही.

कॉक काढून तिथं वेल्डिंग केलं. खंडेनवमीला भट्टीपुढं गेलेल्या कामगारांचे फोटो मांडतात, त्यांत जोतिबाचा नसतो. त्याची बायको यशोदाबाई एका वर्षी फोटो घेऊन गेटवर आली होती. तिला परत पाठवलं.

जूनमध्ये सुनयनानं जुन्या यंत्रातली माहिती पडद्यावर आणली. मला हाक मारली. "आप्पा, ह्या भट्टी उडाली त्या दिवसाच्या रेघा."

मी दाराकडं वळलो.

"सोडून दे की गं. झालं ते झालं."

"एकडाव बघा तर. नुसतं निळं बघितलं तर रोजच्यागतच वाटतंय. आता पिवळं चढवते." तिनं बोट टेकवलं. पिवळी रेघ उभ्या कड्यासारखी खाली आली होती. त्यानंतर निळी. सगळ्यात शेवटी तांबडी चढत गेली. "जोतिबाकाका कॉक उघडायचे तवा पिवळी कधी हलली न्हाय. त्या दिवशी आधी पंपच बंद पडला. कॉकचा काय संबंध न्हाय."

तिनं बोट खाली आणलं.

"आन् ही काळी खूण. घंटा वाजली, ती कुणीतरी दाबली. जोतिबाकाकांनीच दाबली असंल, व्हय?"

मान हलवली असती तर भागलं असतं. तिनं ती खूण जोतिबाच्या नावावर लिहिली असती.

"न्हाय," मी म्हणालो. "मी दाबली."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पडद्यावर आजची चौकट लावली. सव्वाअकरा होत आले होते. आमच्या देखत निळी रेघ वाकली. पिवळी सरळ होती.

सुनयना उठून पाईपकडं गेली. मी मागं गेलो. वेल्डिंग कोरडं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. खाली सिमेंट मात्र ओलं होतं. एक माणूस उभा राहील एवढंच.

"गळती कुठं दिसंना," ती हळू म्हणाली. "आप्पा, तुमी घरी जावा."

मी घरी गेलो नाही. मच्छे गावाला यशोदाबाईकडं गेलो. ती दारात शेंगा निवडत होती.

"या आप्पा, लई दिसांनी. बसा."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पंप, घंटा, बटण. तिचे हात थांबले नाहीत. सुपातल्या शेंगा संपल्यावर तिनं वर बघितलं.

"पाच वर्सं गप बसलास व्हय रं?"

आजवर तिनं मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"चुकलं माझं."

"मला कशाला सांगतोस? हितं कोण म्हणतंय त्यो चुकला म्हणून? माझा यशपाल तिथं काम मागाय गेलता, तवा भट्टी फोडणाऱ्याचं पोरगं म्हणून परत धाडला. जिथं म्हणत्यात तिथं चल."

तिनं सूप आत ठेवलं, दार ओढलं, आणि बसस्टॉपकडं चालायला लागली. बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली. मागं वळली नाही.

तीनची पाळी बदलत होती. गेटवर येणारे-जाणारे मिळून शंभरभर माणसं असतील. मारुतीराव मोटरसायकल काढत होते. यशोदाबाईनं त्यांच्या हँडलवर हात ठेवला.

"थांबा जरा. ह्याला काय सांगायचं हाय."

माणसं गोळा झाली. सुनयनाही बाहेर आली.

"जोतिबानं कॉक उघडा टाकला न्हवता," मी म्हणालो. "पंप बंद पडला. घंटा वाजली, पण ती दाबली गेली."

"कुणी?" यशोदाबाईनं मागून विचारलं.

सगळे माझ्याकडं बघत होते.

"मी," मी म्हणालो. ते मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून परत मोठ्यानं म्हणालो.