ठीक आहे की रद्द करा?

अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत डोळ्यांच्या एका दवाखान्याची वेबसाइट श्रुतिकाने बांधली होती. भांडुपच्या धोंडिराम परबांची तक्रार तिच्याकडे आली, तेव्हा तिला वाटलं, पाच मिनिटांचं काम. परबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख वेबसाइटवरून दोनदा रद्द झाली होती, आणि ते म्हणत होते, आपण काहीच रद्द केलं नाही.

तिने फोन लावला.

"काका, तुम्ही नेमकं काय दाबलंत?"

"ठीक आहे."

"म्हणजे?"

"अगो, 'ठीक आहे' दाबलं. दोन्ही वेळा."

असं बटणच नव्हतं. तिने आपल्या कॉम्प्युटरवर तपासलं. रद्द करायला गेलं की साइट इंग्रजीत विचारायची, खरंच रद्द करायचं? खाली दोन बटणं, 'हो, रद्द करा' आणि 'नको, तारीख ठेवा' अशा अर्थाची. चुकायला जागाच नाही.

"म्हातारा काहीतरी भलतंच दाबतोय," शेजारचा हर्षद म्हणाला. "सोड ना यार."

श्रुतिकालाही तसंच वाटलं. पण सर्व्हरच्या नोंदीत दोन्ही वेळा रद्द करण्याचं बटण स्पष्ट दाबलेलं होतं, आणि माणूस तर शपथेवर सांगत होता. खोटं बोलून त्याला मिळणार काय? डोळ्याने धड दिसत नव्हतं, म्हणून तर ऑपरेशन. नाहीतर आपणच काहीतरी भलतं लिहून बसलोय? तासभर ती कोड वर-खाली करत राहिली. काही हाती लागेना. शेवटी तिने पुन्हा फोन केला.

"काका, नुसती चाचणी म्हणून एक खोटी तारीख टाकलीय तुमच्या नावावर. ती उघडा, 'रद्द'वर बोट ठेवा आणि समोर जे येईल ते वाचून दाखवा."

 परब अक्षर-अक्षर लावत वाचू लागले.

"'नोंदणी रद्द करायची?' खाली एक 'ठीक आहे'. दुसरा 'रद्द करा'."

आता श्रुतिकाच्या लक्षात आलं. परबांचा फोन मराठीत होता, म्हणून साइटही त्यांच्याशी मराठीत बोलत होती. नव्या दोन बटणांचे शब्द मराठीच्या फाइलमध्ये भरायचे राहून गेले होते, म्हणून प्रोग्रामने तिथली जुनी, सगळीकडे वापरायची बटणं उचलून लावली होती. इथे 'ठीक आहे' म्हणजे तारीख रद्द, आणि 'रद्द करा' म्हणजे रद्द करणं रद्द. मराठीतून तपासायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"आता सांग," परब म्हणाले, "तारीख बघताना चुकान बोट 'रद्द'वर पडला, पण माका रद्द करूचाच नव्हता. मग 'रद्द करा' कशाक दाबू?"

"चूक माझी आहे, काका. तुमची नाही."

"पयल्यांदाच कोण असा बोलला," ते म्हणाले. तारीख त्यांनीच घालवली म्हणून सुनेने आधीचे दोन दिवस त्यांच्या हातात फोन दिला नव्हता.

श्रुतिकाने दवाखान्यात स्वतः बोलून त्यांना पुढच्या मंगळवारची तारीख मिळवून दिली. मग फाइल उघडली. पहिलं बटण सोपं होतं. दुसऱ्याशी ती अडली. 'नोंदणी कायम ठेवा' हे सरकारी पत्रासारखं वाटत होतं. तिने परबांनाच फोन लावला.

"काका, रद्द करायचं नसेल तर तुम्ही काय म्हणाल?"

"काय म्हणतलंय? नको, रवांदे."

तिने हसत टाइप केलं, 'नको, राहू दे'. मग आपला फोन मराठीत केला आणि सगळी साइट पहिल्या पानापासून वाचायला घेतली.