बर्फातले नमुने

‘परक्या खेकड्यांपासून मानवी आरोग्यास कोणताही धोका आढळून आलेला नाही.’ मत्स्य खात्याच्या या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. कसब आहे ते इतकेच. धोका आढळायचा तर तो आधी शोधावा लागतो. जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून आलेले हे खेकडे अंगावर कोणते जंतू वागवतात, ते पाहण्यासाठी बारा खेकडे पकडले गेले. थंड पेटीत, बर्फाला न टेकता, एका दिवसात ते प्रयोगशाळेत पोहोचायला हवे होते. पोहोचले तिसऱ्या दिवशी, बर्फात गाडलेले. उबदार पाण्यातले हे जंतू बर्फात बधिर होतात, मरतात. मग काचेच्या ताटलीत वाढवू म्हटले तरी वाढत नाहीत. ताटल्या स्वच्छ निघाल्या. पत्रक निघाले. आणि जाळ्यांतून खेकडे सोडवणाऱ्या चाळीस बायकांचे हातमोजे ‘अनावश्यक’ ठरून बंद झाले.

त्या ताटल्यांच्या अहवालाखाली सही करणारा प्रयोगशाळा-सहायक आता इस्पितळात बहिणीच्या खाटेशी बसला होता. ती त्या चाळीस जणींतलीच. तिला खेकड्याचा काटा लागला, दुसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत काळानिळा झाला, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डावा पंजा काढला.

“दुखतंय?”

“नसलेली बोटं दुखतात, दादा. आहेत ती गप्प आहेत.”

त्याने तिची चादर सारखी केली.

“तोंड काय पाडून बसलास? उजवा आहे की अजून. तुला रपाटा घालायला पुरेल.” मग ती म्हणाली, “सोमवारपासून माझ्या जागी तुझी भाची बसणार. घाबरत होती. म्हटलं, अगं, मामाने स्वतः तपासलेत खेकडे.”

त्याने पेला भरला आणि तो तिला द्यायचे विसरून तसाच धरून राहिला.

दुपारी तो साहेबांसमोर उभा राहिला.

“अहो, जंतू उगवले नाहीत, तुम्ही ‘उगवले नाहीत’ असं लिहिलंत,” साहेब समजुतीने म्हणाले. “यात खोटं काय? निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. कशाला नसती उठाठेव?”

“भाची सोमवारी कामावर जाणार आहे, साहेब.”

“मग तिला सांगा ना, जपून कर म्हणावं.”

“आणि बाकीच्यांना?”

साहेबांनी फाइल ओढली.

आपलाच निष्कर्ष चुकीचा आहे हे कळवण्यासाठी खात्याकडे छापील अर्ज नव्हता. त्याने कोऱ्या कागदावर लिहिले, प्रत बंदरावरच्या फलकाला लावली. सोमवारी सकाळी हातमोजे परत आले; का, ते कोणी सांगितले नाही. आरोपपत्रही आले, त्याच्या एकट्याच्या नावे. खेकडे बर्फात कोणी गाडले, हा प्रश्न त्यात नाही. पुरावा म्हणून त्याचाच कागद जोडला आहे. मजकूर शब्दशः असा :

‘खेकडे बर्फात आहेत हे मी पेटी उघडताच पाहिले. ते फेकून नवे मागवायचे असतात. त्याला दोन पत्रे, तीन सह्या आणि एक गाडी लागते. तीस वर्षे मी ती मागत आलो. त्या दिवशी मागितली नाही. मी थकलो होतो.’