भाजायचा राहिलेला राब

"नाना, तुमी पेटवता का मी पेटवू?" जयराम कावला होता. पुंजानं हातातली पेटती काडी परत विझवली.

ऊन नुसतं मी म्हणत होतं. समोर पुंजाच्या मालकीचं रान. रान कसलं, नुसती खोडं. दिवाळीनंतर थोरला लेक गोरक्ष नाशकाहून ठेकेदार घेऊन आला आणि साग, ऐन सगळं आडवं करून गेला. आंब्याची बाग लावायची म्हणे. तवापासून पुंजाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रोज सांजेला त्या रानातून भेकर, हरणाच्या जातीचं जनावर, कुत्र्यागत भुंकायचं, ते बंद पडलं. पुंजा जेवता जेवता उठायचा, दाराशी जाऊन कान लावायचा. बायको, भागीबाई, करवादायची, "आवो, बसा की गुमान! पायाला भिंगरी लागली का?"

आज राब भाजायचा होता. वाफ्यावर फांद्या-पाला जाळला की तण मरतं, नागलीचं रोप तरारून येतं, ही बापजाद्यांची रीत. तोडीत उरलेल्या फांद्यांचा मोठा ढीग वाफ्यावर रचलेला. सकाळी त्याच ढिगात भागीबाईला भेकर दिसलं, पोटाशी इवलं पिल्लू. दुसरा आडोसा उरलाच कुठं होता? बाईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! विहिरीवर सांगून आली, आणि दुपारी गावातला जयराम शिकारीची कुत्री नि जाळं घेऊन हजर.

"वरच्या अंगानं पेटवा," जयराम म्हणाला. "खाली नाल्याच्या तोंडाला जाळं बांधलंय. झाडं हायेत कुठं आता लपायला? सरळ जाळ्यात येतं बघा. तुमच्या शेतातलं हाय, तर मागली मांडी तुमची."

पुंजा काही साधू नव्हता. तरणेपणी त्यानंबी भेकरं मारली होती. पण तवा दिवसभर रान तुडवावं लागायचं आणि बहुतेक वेळा भेकर हुलकावणी देऊन जायचं. हे कसलं मारणं?

"पिल्लू पळत नाय रे," तो म्हणाला. "दबून बसतं. जागच्या जागी भाजंल."

"भाजू दे की! भाजायलाच आलोय ना?" जयराम फिदीफिदी हसला.

त्या हसण्यानं पुंजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं काड्यापेटी पाण्याच्या हंड्यात बुडवली. "यंदा राब नाय."

"येड लागलं का, नाना? न भाजता नागली टाकणार? तणात रोप हुडकत बसाल!"

"हुडकू. कुत्री घे नि चालता हो, नायतर फॉरेस्टवाल्याला फोन लावतो."

जयराम शिव्या देत गेला. आता भागीबाई पेटली. "तण कोण उपटणार? तुमचा बाप?"

"मी उपटीन."

"तुमी! खाली वाकलात तर वर कोण काढणार?"

एवढं बोलली खरी, पण नाल्यातलं जाळं तिनंच विळ्यानं टराटरा कापलं.

ढीग तसाच राहिला. शेजारच्या कोऱ्या वाफ्यात नागली टाकली. पाऊस लागला तसं तण माजलं. भागीबाई दिवसभर वाफ्यात ओणवी, तोंडानं नवऱ्याचा नि भेकराचा एकदमच उद्धार. आणि एका सकाळी बघते तर अर्धं रोप कुरतडलेलं. चिखलात खूर उमटलेले, एक जोडी मोठी नि एक बारकी.

पुंजाची तोंड वर करायची हिंमत होईना.

त्या सांजेला भुंकणं आलं. फुटवा फुटलेल्या खोडांतून, अगदी जवळून. पुंजा भाकरी टाकून उठला. दाराशी उभा राहिला नि डोळ्यांना पाणी आलं त्याच्या.

"या आता जेवायला," भागीबाई आतून म्हणाली. "आणि गोरक्षाला फोन लावा."

"कशापायी?"

"खोडं उपटायला जेसीबी आणतो म्हनत होता ना? सांगा, नको आणू. फुटवा वाढू दे. त्या भवानीला तिचं घर मिळाल्याशिवाय माझी नागली वाचायची नाय."